बाई, आई शेवटी का जेवली?

गेल्या महिन्यात या सदरात मी वाचकांना विचारलं होतं, पुस्तकात वाचलेलं कोणतं जेवण तुमच्या आठवणीत घर करून राहिलंय? पत्रं भरपूर आली. पुष्कळांनी पु. ल. देशपांड्यांच्या 'माझे खाद्यजीवन'चं नाव घेतलं. ते योग्यच आहे आणि तो लेख बहुतेकांना पाठ आहे, म्हणून त्याच्याबद्दल वेगळं लिहीत नाही. काही पत्रांनी मात्र उत्तर न देता मलाच प्रश्न विचारले. त्यांतले सहा इथे घेतले आहेत. काहींना चार ओळी पुरतील, काहींना पान पुरणार नाही.

प्रश्न: आमचं विचारलंत, आता तुमचं सांगा. मराठीत वाचलेलं तुमच्या सर्वांत लक्षात राहिलेलं जेवण कोणतं? पुरणपोळीचं नको, तिच्याबद्दल सगळेच लिहितात. (सातारा)

उत्तर: माझं उत्तर आहे बिनमिठाची पालेभाजी.

'श्यामची आई'मधली 'अळणी भाजी' आठवते ना? साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि १९३५ साली ते छापून आलं. त्यातली ही गोष्ट अगदी लहान आहे. कामाच्या धबडग्यात श्यामची आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील पानावर बसतात. पहिल्याच घासाला त्यांच्या लक्षात येतं, पण ते तसं बोलत नाहीत, उलट भाजीचं कौतुक करतात. वडील बोलले नाहीत म्हणून मुलंही बोलत नाहीत. सगळे उठल्यावर आई जेवायला बसते, घास तोंडात घालते आणि तिला कळतं. तिला ते फार लागतं. गोष्ट एवढीच.

या सबंध प्रसंगात चव म्हणून काही नाही. मसाला नाही, फोडणीचा वास नाही, तोंडाला पाणी सुटावं असा एक शब्द नाही. तरी ही भाजी आज नव्वद वर्षं मराठी घरांच्या लक्षात आहे.

मी बार्शीला एकतीस वर्षं मराठी शिकवलं. आठवीच्या वर्गात ही गोष्ट वाचून दाखवली, की वडिलांचा संयम आणि आईची हळहळ यांवर बोलायचे. गुरुजींना तेच सांगायचं होतं आणि ते मोलाचं आहे. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती कधी बोलत नसे. म्हणाली, "बाई, पण आई शेवटी का जेवली?" वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्यांच्याच घरी आई शेवटी जेवत होती.

त्या दिवशी मला ही गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली. आई पंक्तीला बसली असती, तर पहिल्या घासालाच उठून तिनं मीठ आणलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती. त्यात नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचं नाही, हा जुन्या घरांतला नियम. म्हणजे जिनं चुलीपुढे बसून शिजवलं, तिची जीभ त्या भाजीपर्यंत सगळ्यांत शेवटी पोचते. भाजी अळणी झाली ती विसरण्यामुळे. पण ती पानापानांवर वाढली जाऊन संपत आली तरी जिनं केली तिलाच माहीत नाही, हे घडलं पंगतीच्या रीतीमुळे. गुरुजींनी ती रीत जशी होती तशी लिहून ठेवली, म्हणून त्या मुलीला प्रश्न विचारता आला.

माझी आई कढईतच जेवायची. सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या कालवणात भाकरी कुस्करायची आणि चुलीकडे तोंड करून बसायची. आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी यायचं, एक ताट कमी पडलं तर तेवढंच घासायचं वाचायचं. आम्हा भावंडांना त्यात वेगळं काही वाटत नसे. वर्गातल्या त्या मुलीनं विचारलं तेव्हा मी पस्तिशीत होते आणि आई काय जेवते हे मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. त्या रविवारी मी घरी गेले आणि तिला आमच्याबरोबर पानावर बसवलं. ती सारखी उठत राहिली. सवयच नव्हती.

तेव्हापासून पुस्तकात जेवण आलं, की मी आधी बघते, वाढतंय कोण, बसलंय कोण आणि कुणाचं जेवण अजून राहिलंय.

प्रश्न: तुकोबा म्हणतात, 'बोलाचीच कढी बोलाचाचि भात । जेवुनियां तृप्त कोण जाला'. मग पुस्तकातलं जेवण वाचून माझ्या तोंडाला पाणी का सुटतं? (डोंबिवली)

उत्तर: तुकोबांचा राग पोकळ बोलण्यावर आहे. त्याच अभंगात पुढे ते म्हणतात, कागदावर साखर लिहिली आणि कागद चाटला तर गोडी मिळत नाही. तुमच्या तोंडाला सुटलेलं पाणी कागदातून येत नाही, तुम्ही कधीतरी खाल्लेल्या कढीतून येतं. माझ्या वर्गातल्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. कोकणातल्या एका कथेत सोलकढी आली, तेव्हा पन्नास चेहरे कोरे होते. दुसऱ्या दिवशी मी आमसुलं नेली आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवलं. आंबट तोंडं करून मुलांनी तोच परिच्छेद पुन्हा वाचला आणि या वेळी कळला.

प्रश्न: मी कथा लिहिते. जेवणाचा प्रसंग आला, की मैत्रिणी म्हणतात, छान आहे, पण पाककृती वाचल्यासारखं वाटतं. मी काय चुकते? (पुणे)

उत्तर: तू विशीतली आहेस असं पत्रात लिहिलंयस, म्हणून तू म्हणते. सोबत पाठवलेलं पान वाचलं. त्यात चविष्ट, रुचकर, खमंग, लज्जतदार असे चार शब्द अर्ध्या पानात आलेत. हे शब्द हॉटेलच्या पाटीवर शोभतात. ते जिभेला काही करत नाहीत, पदार्थ चांगला होता एवढं फक्त प्रमाणपत्र देतात.

ज्ञानेश्वरीचा सतरावा अध्याय काढ. गीतेत सात्त्विक, राजस आणि तामस माणसाला काय आवडतं याचे तीन श्लोक आहेत. कडू, आंबट, खारट, अति गरम, तिखट, कोरडं, जळजळणारं ते राजसाला आवडतं, असं गीता एका दमात सांगून मोकळी होते. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला विशीही न गाठलेले ज्ञानदेव त्या एकेका विशेषणापाशी थांबतात आणि प्रत्येकाला काहीतरी करायला लावतात.

खारट म्हणजे किती खारट? 'कणिकींतें जैसें पाणी । तैसेंचि मीठ बांधया आणी'. कणीक भिजवायला जेवढं पाणी लागतं, तेवढं मीठ! पीठ मळताना हातानं अंदाज घेतलेल्या कुणालाही हे माप लगेच कळतं. गरम म्हणजे किती? वाफेच्या टोकाला वात धरली तर पेटेल इतकं. कोरडं कसं? राखेहून कोरडं. कडक असेल तर खाताना दातांवर दात आदळतात आणि त्याचाच त्याला आनंद होतो. मोहरी फेसून घातलेला पदार्थ तोंडात गेला की 'होती धुवारी । नाकेंतोंडें', नाकातोंडातून धूर. आणि शेवटी ते रायतं येतं, जे आगीलाच म्हणतं, तू गप्प बैस. 'हें असो उगें आगीतें । म्हणे तैसें रायतें'. सातशे वर्षांपूर्वीची ओळ आहे, पण फेसलेल्या मोहरीचं लोणचं खाल्लेल्या माणसाच्या नाकाला ती आजही झोंबते.

एक गोष्ट लक्षात घे. या जेवणाला ज्ञानदेव नावं ठेवतायत, ते खाऊ नये असं सांगतायत. तरी त्याच्याकडे त्यांनी किती जवळून पाहिलंय! आणि सात्त्विक अन्नाकडे वळल्यावर त्यांची भाषा एकदम मऊ होते. हे पदार्थ आकारानं 'डगळें', म्हणजे मोठाले, नाहीत, स्पर्शाला मवाळ आहेत, थोडेच खाल्ले तरी तृप्ती मोठी. 'आंगें सानें परिणामें थोरु । जैसें गुरुमुखींचें अक्षरु'. घास लहान, त्याचा परिणाम मोठा, गुरूच्या तोंडच्या अक्षरासारखा. मला ही अन्नाला दिलेली मराठीतली सर्वांत सुंदर उपमा वाटते.

तेव्हा विशेषणं काढ आणि क्रियापदं आण. आपल्या भाषेत ती ढिगानं आहेत. आधण येतं, भात रटरटतो, मोहरी तडतडते, कांदा परततात, दूध उतू जातं, भाजी खाली लागते, पीठ तिंबतात, भाकरी थापतात. ही प्रत्येक क्रिया कुणाचा तरी हात मागते, आणि हात आला की माणूस येतो. बहिणाबाई चौधरींनी भाकरीची चव कधी सांगितली का? 'आधी हाताला चटके, तंव्हा मिळते भाकर', एवढंच म्हणाल्या. त्यांची गाणी त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तकरूपानं आली, आणि तेव्हापासून त्या चटक्यांवाचून भाकरी आठवतच नाही.

दुसरं, तुझ्या कथेतली आजी मंगळवेढ्याची आहे आणि तू तिच्या तोंडी 'ग्रेव्ही' घातलीस. आमच्या भागात म्हातारी माणसं कोरड्यास म्हणतात, कालवण म्हणतात. तो शब्द बदललास की त्या स्वयंपाकघरातली अर्धी भांडी आपोआप बदलतील. पितळी आली, की शेजारी तांब्या येईल. लिही आणि पुन्हा पाठव. मी वाचीन.

प्रश्न: सातवीतल्या मुलांना वाचून दाखवायला जेवणाचा एखादा जोरदार प्रसंग सुचवा. (जळगाव)

उत्तर: महाभारतातला बकासुर. गाडाभर अन्न घेऊन भीम जातो आणि राक्षसाची वाट न बघता स्वतःच जेवायला बसतो. बक मागून येऊन त्याच्या पाठीत हाणतो, तरी भीम जेवण पुरं झाल्याशिवाय उठत नाही. मुलं बाकावर उभी राहतात, माझ्या वर्गात राहायची. मग त्यांना द्रौपदीच्या थाळीला चिकटून राहिलेल्या भाजीच्या पानाची गोष्ट सांगा. गाडाभर आणि पानभर, दोन्ही एकाच ग्रंथात आहेत.

प्रश्न: साहित्यातलं खाणं म्हटलं की अळूचं फदफदं, मोदक, आमरस आणि पुरणपोळी. माझ्या आजीच्या चुलीवर जे शिजायचं ते कोणत्या पुस्तकात आहे? की ते लिहिण्याजोगं नव्हतं? (लातूर)

उत्तर: तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ते लिहिण्याजोगं होतं आणि लिहिलं गेलेलंही आहे. आम्ही शिकवणाऱ्यांनी ते वर्गात नेलं नाही, हा आमचा दोष आहे, आणि त्यात मी आहे.

दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. मेलेल्या जनावराचं मांस वाटून घेणं, त्याच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळत घालणं, त्या चान्या पुढच्या दिवसांसाठी जपून ठेवणं, हे सगळं दलित आत्मकथनांतून आपल्यापर्यंत आलं. लोणची-पापडांच्या बरण्या भरणं म्हणजे वर्षाची बेगमी हे आम्हाला माहीत होतं. चान्या हीसुद्धा बेगमीच, हे कळायला १९७८ उजाडावं लागलं.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' या १९८४ सालच्या आत्मकथनात दोन जेवणं आहेत. ती वाचल्यावर मला काही दिवस स्वतःच्या ताटाकडे नीट बघता येईना. पहिलं शाळेच्या सहलीचं. सवर्ण मुलं एकीकडे बसून जेवतात, महारांची मुलं दुसरीकडे. त्यांचं उरलेलं या मुलांना मिळतं. घरी आल्यावर लहानगा शरण आईला सांगतो आणि आई विचारते, त्यातलं थोडं माझ्यासाठी का नाही आणलंस? आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात.

मी स्वतः किती वर्षं 'आमची सहल' हा निबंध मुलांना घातला असेल! त्या वह्यांमध्ये 'आम्ही सर्वांनी मिळून डबे खाल्ले' हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलं आणि त्याला बरोबरची खूण केली. 'अक्करमाशी' वाचल्यावर त्या वाक्यापाशी माझं पेन थांबायला लागलं. खरंच सर्वांनी मिळून?

दुसरं जेवण त्याच्या आजीचं, संतामायचं. सुगीत जनावरं ज्वारी खातात आणि न पचलेले दाणे शेणातून पडतात. संतामाय ते शेण गोळा करते, धुऊन दाणे वेगळे काढते, वाळवते, दळते आणि त्याची भाकरी थापते. ती भाकरी ती स्वतः खाते. नातवाला चांगल्या पिठाची देते. नातू हट्टानं तिच्यातला तुकडा घेतो, तेव्हा त्याला शेणाचा वास येतो. इथंही पाहा, कोण कुणाला काय वाढतंय आणि स्वतःच्या पुढ्यात काय ठेवतंय. श्यामच्या घरात आणि या घरात केवढं अंतर आहे, तरी वाढणाऱ्या बाईनं स्वतःसाठी काय राखलं हे दोन्ही लेखकांनी लहानपणी पाहिलं आणि मोठेपणी विसरले नाहीत. पण दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही. श्यामच्या आईच्या भाजीत मीठ विसरलं होतं. संतामाय काहीच विसरली नव्हती.

तुमच्या आजीच्या चुलीबद्दल विचारलंत, तर शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मिळवाच. २०१५ सालचं आहे. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं खाणं त्यात पदार्थ, कृती आणि त्यांच्यामागची जातीची रीत यांसह आलंय. 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणून पाटावर बसणाऱ्या माझ्यासारखीला ते एक 'अ' अक्षर फार काही सांगून गेलं. त्यातली काही नावं तुम्हाला आजीच्या आवाजात ऐकू येतील. आणि जे सापडणार नाही ते तुम्ही लिहा. आजी चूल कुठल्या बाजूला मांडायची, जळण काय असायचं, पहिली भाकरी कुणाला जायची, इथून सुरुवात करा. तुमच्या पत्रातली हुलग्याच्या माडग्याची ओळ मी कापून वहीत चिकटवली आहे.

प्रश्न: पाककृतींची पुस्तकं साहित्यात धरायची का? (कोल्हापूर)

उत्तर: मी धरते. मराठीत ती परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ सालचं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० सालचं. कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'नं वाटी आणि चमचा हे माप घराघरांत नेलं. त्याआधी सासूनं 'अंदाजानं घाल' म्हटलं की नव्या सुनेला घाम फुटायचा. वाटीचं माप ही त्या मुलींना मिळालेली मोठी सोबत होती.

माझ्याकडे 'रुचिरा'ची आईची प्रत आहे. पाठीचा पुठ्ठा निघालेला, चकलीच्या पानावर तेलाचा डाग, मधे वाळलेलं कढीलिंबाचं पान. आई चौथीपर्यंत शिकली होती. तिनं आयुष्यात पत्रांखेरीज काही लिहिलं नाही, पण या पुस्तकाच्या समासात ती पेन्सिलीनं लिहायची. 'गूळ जास्त होतो.' 'धाकटीला आवडलं.' 'पाहुणे ६, पुरलं.'

१९८८ साली वडिलांना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. त्यानंतरच्या पानांवर एकच विषय आहे. भाजीच्या एका कृतीशेजारी लिहिलंय, 'यांचं आधी काढून मग मीठ.' पुढे आणखी एका ठिकाणी तेच. काही महिन्यांनी, बहुधा वेगळं काढायचा वडिलांना संकोच वाटला असावा, 'आता सगळ्यांचंच कमी.' आम्ही सुट्टीला घरी गेलो, की वरून मीठ घ्यायचो. ती घेत नसे. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं ती तसंच जेवली.

वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी तिनं आमटीच्या पानावर शेवटचं लिहिलं आहे. पेन्सिल नाही, निळी शाई आहे, अक्षर थरथरतं. 'मीठ पूर्वीसारखं चालेल.'